‘बिड्री’ कोण म्हणलं?

"कुस्तीतले अनुभव लिहा, आन् जसं बोलता तसंच लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी म्हणलो, साहेब, माजं वजन बावन्न किलो हाय, त्यात ओला टॉवेल धरलेला हाय. आयुष्यात एकच कुस्ती खेळलोय, चौथीत, शाळेच्या ग्राउंडवर. दोघं बी रडायला लागलो म्हणून मास्तरांनी बरोबरीत सोडवली. ते म्हणले, तसलं नको, माइकवरचं लिहा. तवाच मी फोन ठेवून द्यायला बघितला. कारण माइकवरचं लिवायचं म्हणलं तर एकच गोष्ट लिवायची हाय, आन् ती मी आदी टाळणार, हे मला म्हाईत हुतं. तर थोडी टाळून घेतो.

मी कुस्तीच्या मैदानातला निवेदक. गावातले लोक माइकवाला म्हणतेत. नाव बसवराज, पण अक्कलकोटपासनं उजनीच्या काठापर्यंत समदे बश्याच म्हणतेत. आमच्या घरात कन्नड, गल्लीत मराठी, आन् शाळेत दोन्हीपायी मार खाल्लेला.

लोकांना वाटतं माइकवाल्याचं काम म्हंजे बडबड. आता बघा, यात्रेचं मैदान म्हंजे नांगरलेलं वावर, मधी चाळलेल्या लाल मातीचा गोल, आन् भवतीनं माणूसच माणूस. काय झाडावर, काय ट्रॅक्टरच्या टपावर. ज्या दोघांची कुस्ती लागायची त्यांना जोड म्हणतेत. जोड आदी मैदानाला एक चक्कर मारते, तवा लोकांना समदं पायजे असतं. कुणाचं पोरगं? कुठल्या तालमीतलं? मागच्या साली कुणाला पाडलं? पैलवान बोलत न्हाय. मांडीवर थाप मारतो, माती कपाळाला लावतो, बास. त्याचं तोंड म्हंजे मी. त्याच्या गावाचं नाव चुकलं तर त्याचं गाव मला सोडत न्हाय, आन् बरोबर घेतलं तर पलीकडचं गाव म्हणतंय, त्याचं दोनदा घेतलं, आमचं एकदाच.

म्हणून मैदानाच्या दिवशी मी सकाळपासनं लिंबूपाण्यावर असतो. हाताला घाम, हातात नावांची यादी, यादीवर शाईच्या पेनाचं अक्षर. एका गावात एका बागायतदारांनी वडलांच्या स्मरणार्थ फेटा ठेवला हुता. चिठ्ठीवर बापाच्या नावाआदी ‘कै.’ लिवलेलं. घामानं शाई पसरली आन् मी ते ‘कै.’ लेकाच्या नावाआदी लावून चारी कर्ण्यांतनं वाचलं. लेक पहिल्या रांगेत खुर्चीवर पान खात बसलेले. ते उठून टेबलाशी आले, वाकले आन् हळूच म्हणले, "बश्या, कवा गेलो मी? घरी सांगाय पायजे की."

लोक लई हसले. पण मळ्यातल्या वस्तीवर त्यांची बहीण राहायची. कर्णा तिथवर पोचला हुता. अर्ध्या तासानं ती बाई अनवाणी, रडत मैदानात आली. भाऊ पान खाताना दिसला तवा तिनं आदी भावाला मारलं, मग मला शोधायला लागली. मी टेबलाखाली. तितं बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की माज्या तोंडातनं निघतंय ते जातंय कुटवर.

दुसरं गिऱ्हाईक म्हंजे म्हातारे पैलवान. जुन्या कुस्तीचं मी जरा काय बोललो की एक न एक म्हातारा काठी टेकत येतो आन् दुरुस्ती करतो. मंगळवेढ्याकडच्या एका आजोबांनी मला सांगितलं, त्यांच्या तरुणपणी शहरात ठेकेदार लोक पत्रे ठोकून मैदान बंद करायचे आन् तिकीट लावून कुस्त्या करायचे. टांग्यात भोंगा घालून गल्लोगल्ली पुकारा. पोस्टरवर एकेकाच्या नावाआदी शेर काय, रुस्तुम काय. हे आजोबा एक हंगाम ‘पंजाबचा वाघ’ हुते. डोक्याला पगडी बांधली, दाढी चिकटवली आन् ठेकेदारानं बजावलं, काय झालं तरी तोंड उघडू नको. एका कुस्तीत बोट मुरगाळलं आन् वाघ ओरडला, "आयाया, मेलो की गं आय." दुसऱ्या दिवसापासनं वाघ परत मंगळवेढ्याला.

आता शेर गेले, केसरी आले. गावाचा केसरी, कारखान्याचा केसरी, साहेबांच्या वाढदिवसाचा केसरी. एका मैदानात मी तीन केसरी एकमेकांना "आपण कुठले?" विचारताना ऐकलेत. पण ह्याला मी माइकवर कधी हसत न्हाय. चांदीच्या पत्र्याची का असंना, गदा ज्याच्या खांद्यावर येते त्याला पुढच्या साली वरच्या जोडीत घेतेत, आन् त्याच्या घरचे आणखी एक वर्ष त्याचा खुराक सोसतेत. गदा न्हाय आली की दूध बंद, बदाम बंद, एमआयडीसी सुरू. मैदानात हार-जीत मातीत दिसते, पण ती खरी ठरती घरच्या चुलीपुढं.

आता नकला. ह्याच्याशिवाय पुढचं कळणार न्हाय.

नकला मी शाळेपासनं करतो. सातवीत हेडमास्तरांच्या आवाजात "आज अर्धी सुट्टी" म्हणलो तर आमच्या शिपायानं घंटा दिली आन् गेट बी उघडलं. मैदानात दोन कुस्त्यांच्या मधी लोक उठाय लागले की मी मेंढरं, ट्रॅक्टर, पुढारी, काय बी काढतो. नकलेचा एकच नियम हाय. आवाज आदी, नाव मागनं. आदी नाव सांगून मग आवाज काढला तर लोक तपासत बसतेत, बरोबर जमलं का म्हणून. आदी आवाज सोडायचा. लोक क्षणभर फसतेत, माना वळवतेत, मग नाव सांगायचं, मग हसतेत. त्या फसलेल्या क्षणातच समदी मजा असते. माज्या समद्या पोटापाण्याचा धंदा त्या एका क्षणाचा.

आमच्या भागात शिवाप्पा वस्ताद पंच असायचे. अक्कलकोट तालुक्यातले, तरुणपणी पैलवान, पुढं तीस वर्षं पंच. पांढरा सदरा, वर खोचलेलं धोतर. पकड अडकली, कुणाची मान अवघडली, जोड गोलाबाहेर गेली, की वस्ताद ओरडायचे, "बिड्री." कन्नडमधी बिड्री म्हंजे सोडा. ‘बि’ तोंडातल्या तोंडात, आन् ‘ड्री’ बेंबीपासनं, बैलगाडी उतारावर थांबवल्यासारखी. आमच्याकडचा पैलवान मराठी असो, कन्नड असो, लहानपणापासनं तेच ऐकत वाढलेला. बिड्री आलं की हात आपोआप उघडतेत. तितं डोकं लागतच न्हाय, कान आन् हात एवढंच.

मी पहिल्यांदा माइक धरला त्या दिवशी वस्तादांनी मला बाजूला घेतलं हुतं. म्हणले, कुस्ती चालू असताना डाव सांगायचा न्हाय, निकाल सांगायचा न्हाय, पंचाचं काम करायचं न्हाय. मी व्हय व्हय केलं. मग म्हणले, "तुज्या जिभेला हाड न्हाय बश्या. पैलवानाला हायत."

मागच्या सालची यात्रा. गाव अक्कलकोटच्या खालच्या अंगाचं, नाव लिवत न्हाय, त्यांची काय चूक न्हाय. मानाच्या गदेसाठी शेवटची जोड मल्लू आन् सागर.

मल्लू आमच्या शेजारच्या गावचा. वय सव्वीस, घरात कन्नड, माज्यासारखाच. त्याचा थोरला भाऊ चिंचोळी एमआयडीसीत कामाला, तोच त्याचा खुराक बघायचा. त्या दुपारी चहा पिताना मल्लू मला सहज म्हणला, की भावाला दुसरी पोरगी झालीय, त्याला आता झेपत न्हाय. ह्या साली गदा आली तर तालीम चालू, न्हायतर भावानं सुपरवायझरशी बोलून ठेवलंय. "जिंकलो तर लंगोट, हरलो तर हेल्मेट," म्हणला आन् हसला. मला ते त्या दिवशी विनोदच वाटला. माइकवर वापरू का म्हणून विचारणार हुतो.

सागर उजनीच्या काठचा. केळीच्या बागा, धरणाच्या पाण्यावर बापाच्या उपश्याच्या मोटारी. उंच, लाजरं पोरगं. आमच्या अंगाला पहिल्यांदाच आलेला. कमिटीचे लोक आपसात कन्नड बोलत हुते तर मला विचारलं, भांडण चाललंय का ह्यांचं? कन्नडचं एक अक्षर त्याच्या कानाला कधी लागलेलं न्हाय.

आन् त्या साली एक नवीन हुतं. मैदान यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं म्हणून वस्तादांच्या सदऱ्याला बारका माइक लावला हुता. म्हंजे कर्ण्यातनं दोन आवाज येणार, एक माजा, एक त्यांचा.

कुस्ती लागली. पाच-दहा मिनिटं हाताला हात, मग मल्लूनं झपकन खाली घेतलं. सागर पालथा, मल्लू वर. मानेवर गुडघा, मागनं लंगोटात हात, असं उचलून पालथ्याला उताणा करायचा, ह्याला घिस्सा म्हणतेत. पण सागर मातीला चिकटून बसला. मल्लू उचलतोय, तो दाबतोय. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हलगीवाले दमले. मागच्या रांगा उठाय लागल्या, तिकडं तमाशाचा तंबू लागलेला. कमिटीचे अध्यक्ष आबा टेबलाशी आले आन् म्हणले, काय तरी कर बश्या, मैदान फुटतंय. आन् निघून गेले.

वस्तादांचा आवाज मी कुणाला कधी ऐकवला नव्हता. चार महिने रानात जाऊन घोटला हुता. ही नवी नक्कल त्या दिवशी गदा दिल्यावर काढणार हुतो. पण मैदान फुटायला लागलं की माइकवाल्याच्या अंगात वारं शिरतं, बघा. मी मनात वाक्य जुळवलं. ‘बिड्री, असं वस्ताद म्हणायच्या आत उचल की रं मल्लू.’ चांगलं वाक्य हुतं. लोक हसले असते, मल्लूला जोर आला असता. फक्त नियमाप्रमाणं आवाज आदी हुता आन् नाव मागनं.

यादी तोंडासमोर धरली आन् म्हणलो, "बिड्री."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मल्लूनं हात काढला. गुडघा काढला. अर्धा उठला, अंगावरची माती झटकायला लागला, मान वस्तादांकडं. सागरच्या कानाला ते काय बी नव्हतं. त्याला एवढंच कळलं की मानेवरचं वजन गेलं. तो फिरला, मल्लूचे दोन्ही पाय कवळ्यात घेतले आन् मारला उलटा. मल्लूचे दोन्ही खांदे मातीला. चितपट.

मला आठवतंय ते मल्लूचं तोंड. उताणा पडलेला, आन् तोंडावर राग न्हाय, दुःख न्हाय. कुणी तरी चुकून धक्का दिल्यावर माणूस बघतो तसा बघत हुता.

मैदान पेटलं. मल्लूच्या गावचे आत घुसले. म्हणले, वस्तादांनी बिड्री म्हणलं, पोरानं सोडलं, मग कुस्ती कसली? कमिटीनं वस्तादांना विचारलं. हे साधं हुतं. म्हणले असतील तर निकाल रद्द, म्हणले नसतील तर सागर विजयी. वस्ताद सरळ माणूस. म्हणले, मी न्हाय म्हणलो. कर्ण्यातनं काय तरी आलं, ते मी बी ऐकलं, पण मी न्हाय म्हणलो.

मग आबा माज्याकडं आले. "बश्या, तू टेबलावर हुतास. वस्ताद काय म्हणले का?"

माज्या समोर माइक. बटण चालू. एका वाक्याचं काम हुतं.

"हलगीत काय ऐकू आलं न्हाय आबा," मी म्हणलो.

सागरला गदा दिली. नाव मीच पुकारलं. नाव बरोबर पुकारलं, गाव बरोबर पुकारलं, एक अक्षर चुकलं न्हाय. मल्लू टॉवेल खांद्यावर टाकून भावाच्या गाडीवर मागं बसून गेला.

मला वाटलं झालं, सुटलो. दोन दिवसांनी लाइव्हची क्लिप फिरायला लागली. क्लिपमधी वस्ताद पाठमोरे, आन् आवाज स्वच्छ. "बिड्री." बेंबीपासनंची ड्री. खाली लिवलेलं, पंच खोटं बोलला. माज्या मोबाइलवर ती एका दिवसात अकरा ग्रुपांतनं आली. प्रत्येक वेळी मी ती शेवटपर्यंत ऐकायचो. कुटं तरी माजा श्वास, माजा खाकरा, काय तरी सापडंल म्हणून जीव वर-खाली. काय सापडलं न्हाय. नक्कल लई चांगली जमली हुती. आयुष्यात तेवढी चांगली कधी जमली नव्हती, आन् मी कुणाला सांगू शकत नव्हतो. खरं सांगतो, त्या भीतीतच एक कोपरा ह्या गोष्टीचा अभिमान बी धरून बसला हुता. त्याची मला आज बी लाज वाटते.

लोक वस्तादांना वाटंत विचारायला लागले. उजनीवाल्यांनी काय दिलं म्हणून. पुढच्या दोन मैदानांना ते आले न्हाईत. मल्लू एमआयडीसीत लागला असं कळलं. मला झोप लागंना, अन्न जाईना. आय म्हणली, दृष्ट लागली पोराच्या आवाजाला, आन् मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी वस्तादांच्या घरी गेलो. वट्ट्यावर बसले हुते, क्लिप बघत. नातवानं काढून दिलेली. माज्याकडं न बघताच बोलले, "म्हणलो असंन बश्या. माजाच आवाज हाय. मला आठवत न्हाय, एवढंच. वय झालं."

मारलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगितलं. वस्ताद, ते तुमी न्हाय, मी म्हणलो.

त्यांना पटंना. पोरगं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतंय असं वाटलं त्यांना. म्हणले, जा बाबा, घरी जा. शेवटी मी तोंडावर हात धरला आन् म्हणलो, "बिड्री."

आतनं त्यांच्या मंडळींची भाकरीची थाप थांबली. पिठाचे हात घेऊन अव्वा दारात आल्या आन् वस्तादांना कन्नडमधी विचारलं, कुणाला ओरडताय? वस्तादांनी माज्याकडं बोट दाखवलं. अव्वांनी माज्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आन् आत गेल्या.

वस्तादांनी मोबाइल वट्ट्यावर पालथा ठेवला. मग म्हणले, "एवढा म्हातारा वाटतोय व्हय रं मी?"

त्यांनी शिवी दिली न्हाय. पायात चपला घातल्या आन् म्हणले, गाडी काढ. मल्लूकडं जाऊ.

चिंचोळीत कापडाच्या एका कारखान्याच्या गेटवर आमी उभे. तीनची पाळी सुटली. मल्लू निळ्या कपड्यात, खांद्याला डब्याची पिशवी. मान तेवढीच पैलवानाची, बाकी कामगारात मिसळून गेलेला. वस्तादांच्या पाया पडला. मी कसंबसं सांगितलं. तो म्हणला, "काय?" आत यंत्रांच्या आवाजानं त्याचे कान बधिर झालेले. मी परत सांगितलं. "काय म्हणतोस?" मग मी ओरडलो, ते बिड्री मी म्हणलो हुतो, माइकवरनं, मी. गेटवरचा वॉचमन, रिक्षावाले, पाळी सुटलेली माणसं, समदी वळून बघायला लागली.

मल्लूनं पिशवी खाली ठेवली. मी मागं सरलो, पण त्यानं हात उचलला न्हाय. आपल्या हाताकडं बघत म्हणला, "आला हुता रं तो वर. बोटाला कळलं हुतं. अजून एक हिसका."

वस्ताद म्हणले, आपण कमिटीला सांगू, गदेचं बघू. मल्लूनं मान हलवली. मला म्हणला, "मला हितं गेटवर सांगून काय? जितनं म्हणलास, तितनंच सांग."

जितनं म्हणलास म्हंजे त्याच यात्रेत, त्याच माइकवरनं. यात्रेला अकरा महिने हुते. अकरा महिने मी तो दिवस अंगावर घेऊन फिरलो. बाकीच्या मैदानांना बोलावणी आली, मी घसा बसलाय म्हणून सांगायचो, आन् सांगून सांगून एकदा खरंच बसला. आबांना मी आदीच जाऊन सांगितलं. त्यांना माजी काळजी नव्हती. म्हणले, लोक तुला मारतील ते मारतील, मांडव आमचा मोडतील, त्याचं काय? पण वस्ताद बरोबर हुते, म्हणून कबूल झाले. सागरला फोन केला. त्यानं समदं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणला, "आवो, मला तर कुणी खोकलं असंच वाटलं हुतं." त्यानं बापाला विचारलं आन् दुसऱ्या दिवशी उलटा फोन केला. म्हणला, गदा माजी न्हाय हे कळलं, पण हातात आणून देणार न्हाय. मातीत या आन् घ्या.

मधल्या काळात मल्लू पाळी धरून पहाटं तालमीत जायचा. भावानं दूध परत सुरू केलं, अर्धं. मला हे गावच्या दूधवाल्यानं सांगितलं. मल्लू माज्याशी बोलत नव्हता.

ह्या सालची यात्रा आली. शेवटच्या जोडीआदी मी माइक हातात घेतला. यादी नव्हती, पण हात नेहमीपरमानं भिजलेला. मी काय बोललो ते मला नीट आठवत न्हाय. लांबलं न्हाय, एवढं आठवतंय. मागच्या साली ह्या मैदानात बिड्री म्हणलं ते वस्तादांनी न्हाय, मी म्हणलं, आन् आबांनी विचारलं तवा खोटं बोललो. वस्ताद खरं बोलत हुते. एवढंच. मग एक चप्पल आली, ती हलगीवाल्याला लागली. त्यानं ती उचलून माज्या टेबलावर आणून ठेवली आन् म्हणला, तुजी हाय. कुणी हसलं न्हाय.

वस्ताद पंच म्हणून गोलात आले. धोतर तेच, सदरा तोच, आन् गळ्यात लाल दोरीची शिट्टी. शाळेत पीटीच्या मास्तरांची असते तसली. तीस वर्षं त्या माणसानं शिट्टीला हात लावला नव्हता. मी मघाशी विचारलं हुतं, वस्ताद, हे कशाला? ते म्हणले, आता त्या आवाजाचं काय खरं, कुणाच्या बी तोंडातनं येतोय. मी म्हणलो, मी परत कधी काढणार न्हाय. म्हणले, तू न्हाय, दुसरा काढंल. मोबाइलात हाय तो.

जोड लागली. मला सांगितलं हुतं, कुस्ती चालू असताना माइक टेबलावर. मी तो टेबलाच्या मधोमध ठेवला आन् दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. कुस्ती लई वेळ चालली. सागर ह्या सालात भारी झाला हुता. दोनदा मल्लू खाली सापडला, दोनदा निसटला. मग मल्लूनं परत खाली घेतला. तोच गुडघा, तोच हात, तोच घिस्सा. मैदान उभं राहिलं. सागर मातीला चिकटला, मल्लूनं एक हिसका दिला, दुसरा दिला, आन् सागर उलटला. दोन्ही खांदे मातीला. वस्ताद गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून खांद्यांखाली बघितलं, उठले आन् शिट्टी मारली.

कुस्ती सुटली हुती. मल्लू जिंकला हुता. हलगी कडाडली, फेटे उडाले, भाऊ कठड्यावरनं आत उडी मारून पळत सुटला.

मल्लूनं पकड सोडली न्हाय.

सागर खालनं म्हणाय लागला, झालं की दादा, झालं की. वस्तादांनी परत शिट्टी मारली. मल्लूचं समदं वजन तसंच सागरच्या छातीवर. त्यानं मान वळवली आन् गर्दीतनं बरोबर माज्या टेबलाकडं बघितलं.

मी मांडीखालनं दोन्ही हात काढले आन् वर धरले. रिकामे. माइक टेबलावर, तोंड बंद. त्यानं ते नीट बघितलं. आदी हात, मग माइक, मग तोंड.

मग सोडली.